‘असाइन’ म्हणजे नेमकं काय? वऱ्हाडानं पन्नास वर्षं अंगावर वागवलेला इंग्रजी शब्द

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. सुरुवात इंग्रजीच्या एका शब्दापासून आहे आणि शेवट आपल्या सगळ्यांच्या सातबाऱ्यापाशी आहे.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे, बार्शीटाकळीतच राहतो. संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं ओसरीवर अभ्यासाला बसतात. मागच्या महिन्यात त्यातली दहावीतली एक पोरगी मोबाइल घेऊन आली. ‘आपला जिल्हा’ असा काहीतरी प्रकल्प शाळेनं दिला होता आणि तिनं कुठून तरी इंग्रजांच्या काळातला वऱ्हाडाचा नकाशा शोधून काढला होता. अकोला होतं, अमरावती होती, एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर होतं. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’.

“सर, आपलं अकोला हैदराबादमंदी काहून दाखोलं? आन हे असाइन्ड मंजे काय? असाइनमेंट तं आमाले शाळेत देतेत.”

बाजूचा पोरगा लगेच म्हणाला, “मंजे आपला जिल्हा कोनाले तरी घरून करून आनाले देला होता!”

सगळे हसले, मीही हसलो. तिला म्हटलं, “असाइन म्हणजे सोपवणे. सोपवलेले जिल्हे.” तिनं लिहून घेतलं. मग वहीतून डोकं वर करून विचारलं, “कोनाले सोपवले? आन कायच्यासाठी? किती दिवसासाठी?”

तीस वर्षं शब्दार्थ फळ्यावर लिहिणारा माणूस मी, पण त्या संध्याकाळी या तीन प्रश्नांचं नीट उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसलो. त्या वाचण्यातून हे लिहिणं निघालं.

*

आधी शब्द पाहू. ‘असाइन’चं मूळ लॅटिनमध्ये आहे. त्या भाषेत ‘सिग्नम’ म्हणजे खूण. ‘साइन’ हा शब्द तिथूनच आला. ‘असाइन’चा मूळ अर्थ खूण करून वाटून देणं. ही जागा तुझी, हे काम तुझं, हा वाटा त्याचा.

आजच्या वापरात त्याचे ढोबळ तीन अर्थ आहेत. पहिला शाळा-ऑफिसातला, काम नेमून देणं. दुसरा, एखाद्या गोष्टीला जागा, वेळ किंवा क्रमांक ठरवून देणं. तिसरा वकिलांचा, आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणं. तुमची विम्याची पॉलिसी कर्जापोटी बँकेकडे ‘असाइन’ होते तेव्हा हा तिसरा अर्थ असतो. पॉलिसी तुमच्या नावाची, पण पैसा आधी बँकेचा.

या तिसऱ्या अर्थात एक मेख आहे. कर्ज फिटलं की पॉलिसी परत तुमच्या नावे होते. पण दुसऱ्या एखाद्या कागदात ‘असाइन’ म्हणजे हक्क कायमचा गेला असंही असू शकतं. शब्द एकच. तात्पुरता की कायमचा, हे त्या शब्दात नसतं. ते कागदाच्या बाकीच्या ओळींत शोधावं लागतं, आणि तिथंही लिहिलेलं नसेल तर ज्याचा हात वर त्याचा अर्थ खरा.

आपल्या भाषेतही या व्यवहाराला शब्द होते. मोगल काळात अमुक सरदाराच्या पगारापोटी तमुक परगण्याचा वसूल लावून देत, त्याला ‘तनखा’ म्हणत. मराठी कारभारात ‘वरात’ हा शब्द होता. आज वरात म्हटलं की आपल्याला बँड आणि नवरदेव आठवतो, पण जुन्या कागदांत वरात म्हणजे हुंडीसारखी चिठ्ठी. सरकार एखाद्याचं देणं लागत असे तेव्हा ‘अमुक गावच्या वसुलातून घ्या’ असं लिहून देत. वरातदार ती चिठ्ठी घेऊन गावात येई आणि पाटलाकडून पैसे वसूल करी. म्हणजे देणं सरकारचं, आणि दारात वसुलीवाला उभा गावाच्या.

वऱ्हाडाचं ‘असाइन’ होणं म्हणजे सगळ्या प्रांतावर काढलेली अशीच एक वरात होती.

*

देणं कसलं होतं, ते थोडक्यात सांगतो.

१७२४ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या साखरखेर्ड्याला निजामानं मुबारीझखानाला हरवलं आणि दख्खन त्याच्या हाती आलं. पुढं वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचाही अंमल चालला. वसूल दोघांत वाटला जाई, म्हणून तिला दोअमली म्हणतात. २९ नोव्हेंबर १८०३ ला आपल्याच तेल्हाऱ्याकडच्या अडगावला इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, डिसेंबरात गाविलगड घेतला आणि देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांकडून गेलं. ते निजामाच्या पदरात पडलं. पदरात टाकणारे इंग्रज होते, हे इथंच लक्षात ठेवा.

इंग्रजांची तैनाती फौज निजामाकडे आधीपासून होती. तिच्या खर्चासाठी त्यानं १८०० सालीच बल्लारी, कडप्पा या बाजूचा मुलूख देऊन टाकला होता. त्या मुलखाला इंग्रजांनी नाव दिलं ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’. ‘सीड’ म्हणजे हक्क सोडून देणं, आपल्या भाषेत उदक सोडणं. तो मुलूख कधी परत आला नाही. त्यालाच पुढं १९२८ पासून रायलसीमा म्हणू लागले.

पण तैनाती फौजेशिवाय आणखी एक फौज हैदराबादेत उभी राहिली. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात ती वाढली, म्हणून आधी तिला रसेल ब्रिगेड म्हणत, पुढं ‘हैदराबाद कंटिन्जंट’ असं नाव पडलं. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. आपल्याकडे एलिचपूरला आणि शेजारी हिंगोलीला तिच्या छावण्या होत्या. शांततेच्या काळात अशी कायमची फौज पोसावी अशी अट निजामाच्या कुठल्याही तहात नव्हती. हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीनंही मान्य केलं होतं. तरी पगार थकला की तगादा निजामालाच.

तिकडे निजामाची तिजोरी सावकारांच्या हातात होती. पामर कंपनीचं कर्ज झालं, मग पूरणमल सावकारानं वऱ्हाडाचा वसूल मक्त्यानं घेतला, १८३९ मध्ये तो गेला आणि मुंबईच्या पेस्तनजी पारशी पेढीकडे मक्ता आला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईला नेणारे आधीचे व्यापारी हेच. आगाऊ पैसा द्यायचा आणि बदल्यात परगण्यांचा वसूल लावून घ्यायचा, हीच रीत. म्हणजे इंग्रजांनी ‘असाइन’ करून घेण्याआधीही वऱ्हाड कोणाला ना कोणाला लावून दिलेलंच होतं. कुणबी तेव्हाही वावरात होता आणि वसुलीवाला तेव्हाही दारात.

कंटिन्जंटच्या थकलेल्या पगारापोटी कंपनी आपल्याजवळून पैसे घालत गेली आणि ते निजामाच्या नावावर व्याजासकट कर्ज म्हणून मांडत गेली. आकडा अर्ध्या कोटीच्या घरात गेला तेव्हा डलहौसीनं मुलूखच मागितला.

*

आता शब्दांची खरी ओढाताण सुरू होते.

डलहौसीला मुलूख कायमचा हवा होता. निजाम नासिरुद्दौला काही केल्या तयार होईना. रेसिडेंट कर्नल जॉन लो याच्याशी दिवसचे दिवस बोलणी चालली. मुलूख तोडून देणं ही त्याला बेइज्जती वाटत होती. शेवटी लोनं तोड काढली. कायमचा शब्द नको असेल तर नको, फौज हवी असेपर्यंत नुसता कारभार आमच्याकडे द्या. २१ मे १८५३ ला तह झाला. ‘सीड’ शब्द गेला, ‘कायम’ शब्द गेला, आणि त्यांच्या जागी आला ‘असाइन’.

त्या पोरीच्या प्रश्नांनी हा तह तपासून पाहा.

कोणाला सोपवलं? हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटला, कारभारासाठी.

कशासाठी? कंटिन्जंटचा पगार मुख्यतः, आणि काही ठरलेली देणी व कर्जाचं व्याज. फौज किती, तेही ठरलं, पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने.

काय सोपवलं? वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दोआब. मिळून वसूल सुमारे पन्नास लाखांचा.

हिशोब? दरवर्षी रेसिडेंटनं निजामाला हिशोब द्यायचा आणि खर्च भागून उरेल ती शिल्लक परत करायची.

आणि किती दिवस? इथं कागद गप्प आहे. मुदत नाही.

गंमत अशी की त्या कलमात ‘फॉर द टाइम बीइंग’ हे शब्द आहेत. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘तूर्तास’. मीच वर्गात कितीदा तसा सांगितला असेल. वाचणाऱ्याला वाटेल, चला, तूर्तास दिलं आहे. पण तहात ते शब्द रेसिडेंटला लावलेले आहेत आणि वकिली भाषेत त्यांचा अर्थ ‘त्या त्या वेळी जो रेसिडेंट असेल तो’. म्हणजे जो शब्द तात्पुरता वाटतो तोच उलट पिढ्यान्‌पिढ्या चालणारा. एक रेसिडेंट जाईल, दुसरा येईल, मुलूख त्याच्या खुर्चीकडे.

निजाम समजला, मुलूख माझा, फक्त सांभाळायला दिला. कंपनी समजली, हातात आला. दोघांची सही एकाच शब्दाखाली.

*

१८५७ च्या धामधुमीत निजाम आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूनं राहिले. त्याचं बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० मध्ये नवा तह झाला. पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि रायचूर दोआब व धाराशिव परत मिळालं.

इथं थांबून विचार करा. वऱ्हाड, रायचूर, धाराशिव, तिन्ही एकाच कागदानं, एकाच शब्दानं सोपवले होते. दोन परत गेले. म्हणजे ‘असाइन’ केलेलं परत देता येतं, हे इंग्रजांनी स्वतःच दाखवून दिलं. १८०० साली ‘सीड’ केलेलं बल्लारी मात्र कोणी परत द्यायचं नावही काढलं नाही. शब्दाशब्दांत फरक होता आणि तो दोघांनाही ठाऊक होता.

मग वऱ्हाड का नाही दिलं? तहात लिहिलं की ते कंटिन्जंटच्या खर्चासाठी विश्वस्त म्हणून ठेवून घेत आहोत. पण त्याच कागदात निजामानं जमाखर्चाचा हिशोब मागण्याचा हक्क सोडून दिला. शिल्लक द्यायची, पण शिल्लक किती ते इंग्रज सांगतील तेवढी. तुमचं वावर दुसऱ्यानं पेरायचं, माल त्यानंच विकायचा, आणि ‘खर्च वजा जाता एवढे उरले’ हेही त्यानंच सांगायचं.

आणि वावर कसलं होतं? काळ्या कसदार जमिनीचं, कापसाचं. अमेरिकेत १८६१ ला आपसातलं युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि लँकशायरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. अकोल्यावरून रेल्वे पुढं सरकली, १८६७ ला नागपूरला पोचली. १८७० ला खामगावची फाट्याची लाइन व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं येऊन सुरू केली. जमिनीची मोजणी झाली, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी बसली. आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्यानं १८७० ला पहिलं गॅझेटियर काढलं, त्याच्या नावातही ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ आहेच. यातल्या कित्येक गोष्टी लोकांच्या कामाच्या होत्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पैनगंगेपलीकडच्या ‘मोगलाई’तला माणूस वऱ्हाडाकडे बघून हळहळत असेलही. पण ज्याला ‘नुसता सांभाळ’ म्हटलं होतं त्यात आता रेल्वे, कापूस आणि गिरण्या गुंतल्या होत्या. असं वावर कोण परत करतो?

सालारजंगनं सोडलं नाही. १८६६ पासून तो लिहीत राहिला, फौजेसाठी रोख रक्कम ठेवतो, मुलूख परत द्या म्हणत राहिला, १८७६ ला विलायतेला जाऊन आला. १८८३ ला तो गेला. वऱ्हाड मिळालं नाही.

*

पुढचा शब्द १९०२ ला आला, ‘लीज’.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ वऱ्हाडाला भोवले. दुसऱ्याला आपले म्हातारे छप्पनचा काळ म्हणत. सरकारचा खर्च वाढला आणि निजामाला द्यायची शिल्लकच राहिली नाही. लॉर्ड कर्झन तेव्हा व्हाइसरॉय होता. तो हैदराबादला आला आणि ३० मार्च १९०२ ला निजाम महबूब अली खान याच्याशी बोलला. शिल्लक कधी येते, कधी नाही, त्यापेक्षा वर्षाला ठरलेले पंचवीस लाख घ्या आणि वऱ्हाड आम्हाला कायमच्या पट्ट्यानं द्या, असा तो सौदा होता. ५ नोव्हेंबर १९०२ ला करार झाला. इंग्रजीत शब्द होते ‘लीज इन पर्पेच्युइटी’.

आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर वावर ठोक्यानं दिलं, पण ठोक्याला मुदत नाही. मालकी निजामाची, हे करारात पुन्हा आदरानं लिहिलं. मालकाला वावरात पाय ठेवता येणार नाही, हे न लिहिताही कळलं. पंचवीस लाखांतूनही सुरुवातीला जुन्या कर्जाचे हप्ते वळते होत होते.

१ जानेवारी १९०३ ला निजामाला ‘जी.सी.बी.’ हा मोठा किताब मिळाला. तेव्हा लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला, ‘गेव्ह कर्झन बेरार’. कर्झनला वऱ्हाड दिलं! इंग्रजी शब्दांच्या अर्थाची इतकी चोख चेष्टा मी दुसरी ऐकली नाही.

त्याच वर्षी, १९०३ मध्ये, कंटिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. ज्या फौजेच्या पगारासाठी पन्नास वर्षांपूर्वी वऱ्हाड सोपवलं होतं ती वेगळी फौजच उरली नाही. ऑक्टोबरपासून वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला.

आता त्या प्रश्नांची यादी पुन्हा पाहा. १८५३ ला मुदत नव्हती, पण कारण होतं आणि हिशोब होता. १८६० ला हिशोब गेला. १९०३ ला कारण गेलं. आणि जिथं मुदतीची जागा कोरी होती तिथं ‘कायम’ लिहिलं गेलं. डलहौसीला जो शब्द १८५३ मध्ये मिळाला नाही तो कर्झननं पन्नास वर्षांनी त्याच कोऱ्या जागेत भरला.

शेवटचा निजाम उस्मान अली यानं ऑक्टोबर १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितलं. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं उत्तर दिलं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाद घालता येत नाही. संस्थानांच्या इतिहासात ते पत्र गाजलं. शब्दाचा अर्थ कोण लावणार, याचं ते उत्तर होतं.

१९३६ ला निजामाला पुन्हा शब्दच मिळाले. त्याच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी आणि त्याची बायको, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रुशेवार, ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’. ती २००६ मध्ये लंडनला वारली. आपल्या बार्शीटाकळीची, पातूरची, मूर्तिजापूरची राजकन्या म्हणून जगात ओळखली जाणारी बाई, आणि आपल्यापैकी कितीजणांनी तिचं नाव ऐकलं होतं?

*

आतापर्यंत निजाम आणि इंग्रज झाले. आपण कुठं आहोत यात?

कुठंच नाही. १८५३, १८६०, १९०२. तीन कागद झाले, एकावरही वऱ्हाडातल्या माणसाची सही नाही, आणि त्याला कोणी विचारल्याची नोंद नाही. १८९७ ला अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अमरावतीचे मुधोळकर १९१२ ला काँग्रेसचे अध्यक्ष झाले, एवढी जागी माणसं इथं होती. तरी कायद्याच्या कागदावर वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हतंच, ते निजामाचं. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून कौन्सिलवर जे सभासद मतं घेऊन निवडून येत, त्यांना सरकार पुन्हा ‘नेमलेले’ म्हणून जाहीर करी. लोकांनी निवडून दिलेला माणूस, पण कागदावर नियुक्त. त्याला इंग्रजीत काय म्हणाल? असाइन्डच ना?

१९४७ च्या जुलैत निजामाच्या माणसांनी दिल्लीत पुन्हा वऱ्हाडाचा विषय काढला. इंग्रजच निघाले तर त्यांच्याशी केलेला ठोका कसला? कागदाच्या दृष्टीनं प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. पण तोवर प्रश्नच बदलला होता. आता मुलूख राजाचा की कंपनीचा असा वाद नव्हता, तो तिथं राहणाऱ्यांचा होता. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतरही कारभार होता तिथंच राहिला, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची कारवाई झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून वऱ्हाड भारताच्या संविधानाखाली आलं. आधी मध्य प्रदेशात, १९५६ ला द्विभाषिक मुंबईत, १९६० ला महाराष्ट्रात. ‘कायमचा पट्टा’ अठ्ठेचाळीस वर्षांत संपला. बघा, शब्द ‘कायम’ असला तरी तोही कायम नसतो. पण तो संपायला दोन साम्राज्यं संपावी लागली.

*

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

मोठ्या बहिणीच्या लग्नाला बाबांनी सावकाराकडून पैसे घेतले. दोन एकराचं वावर तारण दिलं. सावकार म्हणाला, “कागद नुसता नावाचा हाय. पैसे आनले का वावर तुमचं तुमाले.” बाबा गहाण समजले. कागद होता ‘कायम खरेदीखत’. बाबांना मराठी चांगलं वाचता येत होतं. तो शब्द त्यांनी वाचलाही होता. पण समोरचा माणूस तोंडानं दुसरंच बोलत होता, मंडप उद्यावर होता, आणि त्यांनी तोंडावर भरवसा ठेवला.

तीन वर्षांनी पैसे घेऊन गेले तर सावकार म्हणाला, “कोन्तं वावर?”

बाबा शेवटपर्यंत म्हणत, “म्या इकलं नाई, म्या ठेवलं होतं.” सातबाऱ्यावर मात्र दुसऱ्याचं नाव. सालारजंगची पत्रं वाचताना मला बाबांचा तो आवाज ऐकू येत होता. आम्ही विकलं नाही, आम्ही सोपवलं होतं. फरक इतकाच की निजामाला वर्षाला पंचवीस लाख मिळाले, बाबांना काहीच नाही.

सावकारीत बळकावलेली जमीन परत मागायची सोय २०१४ च्या कायद्यात आहे, हे ज्यांना गरज आहे त्यांनी लक्षात ठेवा. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो. आमच्या बाबतीत फार उशीर झाला होता, बाबाही राहिले नव्हते.

म्हणून सांगतो. कागद बँकेचा असो, विम्याचा असो, कंपनीला वावर भाड्यानं द्यायचा असो की भावाभावांतल्या वाटणीचा, चार गोष्टी त्यात लिहिलेल्या आहेत का बघा. कोणाला? कशासाठी? किती दिवस? हिशोब कोण देणार? यातलं एक जरी कोरं असेल तर अंगठा उचलून घ्या. ‘तोंडी सांगितलं ना’ म्हणणाऱ्याला म्हणा, तोंडी सांगितलंस तेच लिही. शब्द कळत नसेल तर विचारायला लाजू नका. ती दहावीतली पोरगी लाजली नाही, तीस वर्षं शिकवलेल्या मास्तरला तिनं निरुत्तर केलं.

आपल्या गावच्या कालंका देवीच्या देवळात शके १०९८ चा, म्हणजे ११७६ सालचा लेख आहे. साडेआठशे वर्षांपूर्वी कोणीतरी आपलं म्हणणं दगडात कोरून ठेवलं, गावाच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आपल्या प्रांताचे तह मात्र हैदराबादेत झाले, फारसी आणि इंग्रजीत, आणि ज्यांचं वावर होतं त्यांच्यापर्यंत ते कधी आलेच नाहीत.

परवा पोरीनं प्रकल्प दाखवला. नकाशा छापून चिकटवला होता आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं:

असाइन्ड म्हणजे सोपवलेले.
कोणी: निजामाने.
कोणाला: इंग्रजांना.
कशासाठी: फौजेच्या पगारासाठी.
किती दिवसांसाठी: लिहिलेले नाही.

मी तिला विचारलं, “एवढंच? पुढचं नाही लिहिलं?”

“पुढचं सारं त्याच्यातूनच झालं ना सर,” ती म्हणाली, आणि वही दप्तरात टाकून घरी गेली.